लावण्याआधी काढून टाका

आमच्या धुळ्यात वैशाख सगळ्यात आधी नळाला येतो. सकाळी नऊला तोंड धुवायला नळ सोडावा तर चहा टाकण्याजोगं पाणी. मग तो जिन्याच्या लोखंडी कठड्यात शिरतो, दाराच्या कडीत शिरतो, दुपारी कडी लावायची तर पदर गुंडाळून लावावी लागते. माझं माहेर जळगावचं. तिकडेही काही बर्फ पडत नाही, पण सासरचं ऊन जरा जास्तच लागतं म्हणतात, तसं असेल. बाजारात खरबुजांचे ढीग लागतात, कुंभारांच्या दारात लाल घागरी उन्हात मांडलेल्या दिसतात आणि घराघरांत एकच विषय असतो, आखाजीला कोण कोण येणार? बाकीच्या महाराष्ट्राची अक्षय्य तृतीया ती आमच्या खानदेशची आखाजी. लेकी माहेरी येतात, पितरांची घागर भरली जाते, आणि आमरसाची पातेली पुसून घ्यायला पोळी पुरत नाही.

मला वैशाख आणखी एका ठिकाणी दिसतो. माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर, उजव्या कोपऱ्यात, एक छोटा आकडा असतो. प्रोसेसर किती तापलाय, तो आकडा. थंडीत पन्नासच्या आसपास सुखानं बसलेला असतो. यंदा आखाजीच्या चार दिवस आधी तो ब्याऐंशीवर गेला आणि मी हातातलं काम सोडलं. मशीनच्या काळजीनं नव्हे. मशीन काय, उघडता येतं, पुसता येतं. मला चार वर्षांपूर्वीची आखाजी आठवली. त्या आखाजीची मला लाज वाटते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही गोड बोलले तरी वाचणाऱ्यानं फसू नये. मी गोड बोलण्यात पटाईत आहे.

माझं काम लग्नाचे व्हिडिओ जोडायचं. फोटोग्राफर मंडळी चित्रण आणून देतात आणि मी घरी बसून हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं कापते, जोडते, गाणी लावते. रडणाऱ्या मावशा ठेवते, जांभया देणारे काका काढून टाकते. आधी एक जुनाट मशीन होतं, ते वरातीतल्या दमलेल्या घोड्यासारखं मध्येच बसायचं. मग मी ठरवलं, नवीन मशीन आपणच जुळवायचं. एकेक भाग मागवायचा आणि घरी बसवायचा. नवरा शाळेत मास्तर. तो म्हणाला, "जमेल का ग तुला?" झालं! मला एवढंच पुरतं.

माघ महिन्यातल्या एका रविवारी जेवणाच्या टेबलावर मी सगळा संसार मांडला. शेजारी खुर्ची घेऊन सासूबाई बसल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही अक्काच म्हणते. अक्कांकडे काम होतं स्क्रू सांभाळायचं. स्टीलच्या वाटीत त्यांनी ते निवडून ठेवले होते, जाड वेगळे, बारीक वेगळे. मी हात पुढे केला की बरोबर हवा तो स्क्रू हातात यायचा. सांगावं लागायचं नाही.

ते तसंच असणार, कारण अक्कांचा सगळा जन्म मशीनवर गेलेला. शिलाईचं मशीन. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्यांच्या हातचे. मशीन बिघडलं तर कारागीर कधी घरी आलेला मी पाहिला नाही. त्या स्वतःच ते उलटं करतात, फणीतला गुंता चिमट्यानं काढतात, तेलाचे थेंब कुठे सोडायचे ते बोटांना पाठ. आणि काम झालं की वर कव्हर. कव्हर हा त्यांचा धर्मच. टीव्हीला फुलाफुलांचं, मिक्सरला चौकड्यांचं, फ्रीजच्या मुठीला मखमली, पाण्याच्या फिल्टरला झालरीचं. नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक तर काढायचंच नाही. रिमोट पिशवीत, सोफा पिशवीत, भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवरही दुकानातला पापुद्रा तसाच, त्यामुळे आमच्या घरी वेळ जरा धुकट दिसायची. साक्रीकडच्या खेड्यात दोन खोल्यांच्या घरात त्या वाढल्या. नवी वस्तू आठ-दहा वर्षांतून एकदा यायची. "झाकेल वस्तू टिकस," हे त्यांचं म्हणणं. झाकलेली वस्तू टिकते.

मी त्यावरून त्यांना काय कमी चिडवलंय! पाहुण्यांसमोर म्हणायची, "आमच्या अक्का मलाही माप घेऊन कव्हर शिवणार आहेत." त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या दिवशी मशीन जुळवतानाही माझी टकळी चालू होती. "अक्का, यातलं एकही प्लॅस्टिक ठेवायचं नाही हं. या मशीनला हवा लागते. तुमच्यासारखं झाकून ठेवलं तर गुदमरून मरेल." असं म्हणत मी मशीनच्या डब्याच्या बाजूच्या काचेवरचा पापुद्रा टर्रकन ओढला. अक्कांचा जीव वरखाली झाला. त्यांनी तो खाली पडू दिला नाही, नीट घडी करून ठेवून दिला. काय सांगावं, लागला तर!

प्रोसेसर म्हणजे काडेपेटीहून जरा मोठा, चपटा धातूचा चौकोन. सगळं डोकं त्याच्यातच. डोकं चाललं की तापतं, म्हणून त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पातळ पानांचा एक ठोकळा बसवायचा, त्याला हीटसिंक म्हणतात, आणि ठोकळ्यावर पंखा. दोघांच्या मध्ये वाटाण्याएवढी करडी पेस्ट. धातूला धातू चिकटला पाहिजे, मधे हवा राहता कामा नये, म्हणजे खालची उष्णता वर चढते आणि पंखा ती उडवून लावतो. एवढं साधं शास्त्र. मी वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली, वर ठोकळा दाबला, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं पिळले.

"बठ्ठं काढं का?" अक्कांनी विचारलं. म्हणजे प्लॅस्टिक सगळं काढलं का.

"बठ्ठं काढलं, अक्का!" मी म्हटलं, त्यांच्याच भाषेची नक्कल करत.

मशीन पहिल्या झटक्याला सुरू झालं. मी नवऱ्याकडे असं बघितलं की त्यानं मुकाट्यानं चहा टाकला. थंडी सरली, फाल्गुन सरला. पंखा जरा मोठ्यानं ओरडायचा, पण नवं मशीन आहे, दमदार आहे, असं मीच सगळ्यांना सांगायची.

आणि मग वैशाखाचं ऊन चैत्रातच आलं.

लग्नसराईचं काम डोक्यावर, बाहेर चव्वेचाळीस अंश, आणि कोपऱ्यातला आकडा नव्वद, त्र्याण्णव, शहाण्णव. मग काळोख. मशीन आपणहून बंद. पुन्हा सुरू करायचं, पंधरा-वीस मिनिटं चालायचं, पुन्हा काळोख. मी डब्याची काच काढली. टेबलफॅन लावला. खोलीत गोणपाट ओलं करून टांगलं. मशीनचे सगळे पंखे पुसले, एक जादा पंखा आणून बसवला. सगळं केलं. एक गोष्ट सोडून सगळं. तो ठोकळा काढून खाली बघितलं नाही, कारण तो मी बसवला होता, आणि मी बसवलेलं चुकीचं कसं असेल?

दोष उन्हाचा होता. दोष धुळ्याच्या विजेचा होता. दोष पार्सल आणणाऱ्याचा होता, त्यानं आपटलं असणार. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी शाळेत दहा मार्कांना लिहिली असेल.

त्या दिवसांतच अक्कांनी आपल्या खोलीतला मोठा कूलर ढकलत ढकलत माझ्या दारात आणला. पत्र्याचा, गवताच्या ताट्यांचा, बादलीनं पाणी भरायचा. म्हणाल्या, "तुन्हा मशीनले लाव. माले काय, मी सयपाकघरमा आडवी व्हसू." मी नको म्हटलं का? नाही. मी घेतला. दुपारभर ओल्या गवताचा वास माझ्या खोलीत आणि अक्का स्वयंपाकघरात, पुसून घेतलेल्या ओल्या फरशीवर, डोक्यावर भिजवलेला टॉवेल टाकून. मी पाणी प्यायला जायची तर त्यांना ओलांडून जायची. तेव्हा मला तेवढं काही वाटलं नाही, हे लिहिताना हात जड होतो.

आखाजी उजाडली. त्या वर्षी माझ्याकडे एका नव्या नवरीचं काम होतं. तिची लग्नानंतरची पहिली आखाजी, ती माहेरी येणार, आणि संध्याकाळी तिच्या गावात अंगणात पडदा लावून सगळी भावकी लग्न बघणार, असं तिच्या वडिलांनी ठरवलेलं. मी शब्द दिला होता. पहाटेपासून मशीनला शेवटच्या कामाला लावलं होतं, सगळं जोडून एक अखंड चित्र तयार व्हायला सहा तास लागणार होते. मी दर दहा मिनिटांनी आकडा बघत होते. चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णव. कूलरच्या जोरावर चालू होतं बिचारं.

घरात माझी मोठी नणंद शोभाताई पाचोऱ्याहून आली होती, शेजारच्या दोघी-तिघी आल्या होत्या. अक्कांनी उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेतली. सासऱ्यांच्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. मी रस काढायला बसले. अक्का मागच्या दारी गेल्या आणि तिथूनच त्यांनी बघितलं, वावटळ येत होती. वैशाखात आमच्याकडे येते तशी, कागद, पाचोळा, पिशव्या सगळं पोटात घेऊन गरगरत. माझ्या खोलीची खिडकी सताड उघडी आणि मशीनची काच काढलेली, आतलं सगळं उघडं.

अक्का धावत गेल्या. खिडकी लावली. आणि मशीनवर त्यांनी कव्हर घातलं. ते त्यांनी कधीच शिवून ठेवलेलं होतं, निळं, पांढऱ्या फुलांचं, मागं तारांसाठी बरोबर भोक ठेवलेलं. माझ्या चिडवण्याला भिऊन दिलं नव्हतं एवढंच.

मी हात धुऊन खोलीत गेले तेव्हा निळ्या कव्हराखाली सगळं गार पडलेलं. पाच तास पस्तीस मिनिटांचं काम गेलेलं. मी कव्हर ओढून काढलं, स्वयंपाकघरात आले आणि सगळ्यांच्या मधोमध ते अक्कांच्या पायापाशी फेकलं.

"मारलं ना माझं मशीन? तुमच्या या झाकाझाकीनं मारलं! कितीदा सांगितलं, हात लावू नका! अडाणी माणसांच्या घरात असली वस्तू आणायलाच नको होती!"

अक्कांच्या हातात रसाचा पळा होता. शोभाताईच्या वाटीवर धरलेला. त्यातून रस थेंब थेंब ताटाबाहेर पडत होता. शेजारणी आपापल्या ताटात बघत होत्या. अक्का म्हणाल्या, "मन्ही चूक व्हयनी, माय." आणि खाली वाकून त्यांनी कव्हर उचललं, झटकलं, घडी केली. मग शोभाताईला रस वाढला.

त्या संध्याकाळी त्या गावात पडदा लागला नाही. नवरीच्या वडिलांनी फोनवर काय काय ऐकवलं ते सांगत नाही, ते रास्तच होतं. मी त्यांनाही सांगितलं, "घरच्यांनी मशीन झाकलं हो, काय करू!"

तिसऱ्या दिवशी शोभाताई पाचोऱ्याला गेली आणि मी सगळे उपाय संपल्यावर नाइलाजानं तो ठोकळा उघडायला घेतला. स्क्रू ढिले केले, ठोकळा हलकेच डावी-उजवीकडे पिळला आणि वर उचलला. पेस्ट वाळून पापडासारखी झाली होती. आणि ठोकळ्याच्या तळाला, पेस्टच्या आणि धातूच्या मधे, पारदर्शक प्लॅस्टिकचा एक चौकोन होता. उष्णतेनं सुरकुतलेला, पिवळट. त्यावर लाल इंग्रजी अक्षरं छापलेली, अजून स्वच्छ वाचता येत होती. लावण्याआधी काढून टाका.

अग आई ग! पायाखालची फरशी सरकली म्हणतात ना, तसं झालं. मी बी.एस्सी. झालेली बाई. जन्मभर अक्कांच्या प्लॅस्टिकला हसलेली बाई. सगळ्या घरातली प्लॅस्टिकं मोजत होते आणि जे एक काढायचं होतं ते माझ्या हातानं आत दाबून, वर चार स्क्रू पिळून ठेवलं होतं. तीन महिने त्या मशीनचा श्वास मी कोंडला होता. कव्हर घातलं नसतं तरी ते त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी पडणारच होतं.

आणि मी काय केलं? उठले आणि दाराला आतून कडी लावली.

कडी लावून मग मी सगळं व्यवस्थित केलं. स्पिरिटच्या बोळ्यानं जुनी पेस्ट पुसली, प्रोसेसर आरशासारखा लखलखीत केला, ठोकळ्याचा तळ चकचकीत केला, नवी पेस्ट ठेवली, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळले. मशीन सुरू केलं, सगळ्यात जड काम दिलं. आकडा बासष्ट. अर्धा तास झाला, बासष्ट. मी आनंदानं ओरडायला हवं होतं. मी खुर्चीवर बसून त्या बासष्टकडे बघत राहिले आणि कान गरम झाले.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "झालं का? काय होतं मग?" अक्का बाजूलाच भाजी निवडत होत्या. मी म्हटलं, "हवा कोंडली होती आत. झाकल्यामुळे."

ओरडले ते रागात ओरडले, त्याला निदान रागाचं कारण होतं. हे मी शांतपणे बोलले. चोराच्या उलट्या बोंबा तरी ऐकू येतात, माझी बोंब हळू आवाजातली होती. अक्कांनी मान हलवली, जणू खरंच काही शिकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेर आले तर घर ओळखू येईना. टीव्ही उघडा. मिक्सर उघडा. फिल्टर उघडा, फ्रीजची मूठ उघडी. सोफ्यावरचं प्लॅस्टिक निघालेलं, घड्याळावरचा पापुद्रासुद्धा निघालेला, घड्याळ एकदम स्वच्छ दोन वाजून दहा मिनिटं दाखवत होतं. अक्का मोरीत कव्हरं धूत होत्या. वाळल्यावर त्यांनी त्यांची घडी घालून गाठोडं बांधलं आणि माळ्यावर टाकलं. सगळ्यात शेवटी शिलाई मशीनचं. वीस-पंचवीस वर्षं त्या मशीननं आमच्या गावची धूळ अंगाला लावून घेतली नव्हती. मी बघत उभी राहिले. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले.

त्या दिवसापासून अक्कांनी माझ्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. चहा आणतात, दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवतात, "चहा ठेवा शे व," म्हणतात आणि जातात. अक्कांच्या नातीचा, शोभाताईच्या मुलीचा, शाळेतला नाच मी स्क्रीनवर मोठा करून दाखवला तेव्हा सगळं घर आत आणि अक्का उंबरठ्याबाहेर, टाचा उंच करून बघत. "या ना आत," कोणी म्हणालं की, "नको वं. माले काय समजस, मी अडाणी." टोमणा मारायचा म्हणून नाही हो. टोमणा असता तर मी भांडले असते, मला बरं वाटलं असतं. त्यांनी तो शब्द माझ्याकडून घेतला आणि खरा मानून वापरायला लागल्या. बँकेत, दवाखान्यात, मोबाइलवर. चाळीस वर्षं मशीन उलटंपालटं करणारी बाई कुठेही गेली की आधी सांगायची, मी अडाणी.

मी का नाही सांगितलं? आधी वाटलं, दोन दिवस जाऊ देत. मग वाटलं, आता विसरल्या असतील, कशाला उकरायचं. मग दिवाळी आली, सणासुदीला नको. खरं बोलायचं राहिलं की ते दही होतं, रोज थोडं आंबट. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची! ज्या झाकण्यावरून मी त्यांना हसले, ते माझ्याइतकं त्यांना कधी जमलं नाही. प्लॅस्टिकचा तो चौकोन मात्र मी टाकला नाही. पेस्टच्या रिकाम्या डबीत घालून खणात ठेवला. का ठेवला, तेही मला धड सांगता येत नाही.

तर यंदा आकडा ब्याऐंशीवर गेला. चार वर्षांत पेस्ट वाळलेली असणार, हीटसिंकच्या पानांत धूळ बसलेली असणार, त्यात नवल काही नव्हतं. मी मशीन बंद केलं, डबा आडवा केला, स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागले. अक्का चहा घेऊन दारात आल्या. उघडा डबा बघून त्यांचा चेहरा उतरला. कप स्टुलावर ठेवायचाही राहिला.

"तपी गयं का?"

"हो, जरा तापतंय."

"मी नही झाकं हां," अक्का घाईनं म्हणाल्या. "मी हात बी नही लाया. शोभाना बापनी आन."

सासऱ्यांची शपथ घेतली हो त्यांनी. पासष्टीच्या पुढची बाई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या सुनेला, गेलेल्या नवऱ्याची शपथ घेऊन सांगत होती की मी हात लावला नाही. कपातला चहा बशीत सांडत होता.

मला उभं राहवेना. मी खण उघडला, डबी काढली आणि उंबरठ्यापाशी जाऊन खाली बसले. सगळं सांगितलं. माघातला रविवार, ठोकळा, पेस्ट, हा चौकोन, कडी, बासष्ट, आणि संध्याकाळचं ते खोटं. मधेच रडू आलं तर अक्का म्हणाल्या, "आधी सांग." म्हणून रडणं थांबवून सांगितलं.

त्यांनी चौकोन हातात घेतला, उजेडाकडे धरला.

"आठे काय लिखेल शे?"

"लावण्याआधी काढून टाका."

"मी इचारं व्हतं तुले. बठ्ठं काढं का, असं."

"हो, अक्का."

"चार वरीस," अक्का म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्या डोक्यावरून हात फिरवतील. म्हणतील, जाऊ दे, माय. माझ्या मनानं ते ठरवूनच ठेवलं होतं, बघा किती लबाड! त्यांच्या नाकपुड्या थरथरत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. "चार वरीस मी मन्हा घरमा चोरनागत फिरनू. आनि तू माले आठे सांगस, कोपरामा बठीसन?" माझ्याच घरात मी चोरासारखी वावरले, आणि तू मला कोपऱ्यात बसून सांगतेस? "शोभा येई आखाजीले. जठे बोलनी, तठेच सांग." जिथे बोललीस, तिथेच.

चार दिवस त्या माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. चहा स्टुलावर आला नाही. बरोबरच होतं.

आखाजीला पुन्हा तीच मांडणी. उंबरठ्यावर कुंकवाची बोटं, घागर, खरबूज, सांजोऱ्या. शोभाताई पानावर, नवरा पानावर, त्याच शेजारणी पानावर. रस वाढून झाला आणि अक्का पळा हातात घेऊन थांबल्या. माझ्याकडे बघितलं नाही, नुसत्या थांबल्या. मी उभी राहिले. चार लोकांसमोर ओरडायला मला एक क्षण लागला नव्हता, आणि चार लोकांसमोर खरं बोलायला घसा साफ करण्यात मिनिटं गेली. सगळं सांगितलं. खोटं बोलले तेही सांगितलं. अडाणी म्हटलं होतं तो शब्दही तसाच्या तसा पुन्हा उच्चारला, कारण तो गाळला असता तर सगळंच खोटं झालं असतं.

नवरा ताटात बघत राहिला. शोभाताई म्हणाली, "ज्योती, तू माझ्या आईला..." ते अर्धं वाक्य मला अजून पुरतंय. अक्कांनी पळा बुडवला आणि शेजारणीला विचारलं, "अजून वाढू का वं?"

दुपारी भांडी झाल्यावर त्यांनी नवऱ्याला माळ्यावरून गाठोडं काढायला लावलं. मला वाटलं, निळं कव्हर काढतील. ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि कपाटातून नवं कापड काढलं, गडद हिरवं, माझ्या मांडीवर टाकलं.

"तू शिव. मी दखाडस." माझ्या मशीनचं कव्हर मी शिवायचं, त्या दाखवणार.

मला शिवता येत नाही. बटण लावता येतं, तेही वाकडं. मी शिलाई मशीनवर बसले. अक्का शेजारी खुर्ची घेऊन बसल्या, टाचण्यांची वाटी हातात. शोभाताई दिवाणावर लोळत बघत होती. मी दोरा ओवला, पाय मारला, दोरा तुटला. पुन्हा ओवला, कापड गोळा झालं. घामानं बोटं चिकटत होती. तिसऱ्यांदा मी दोरा खालच्या कडीतून न घेता सरळ सुईत घातला आणि चाक उलटं फिरवलं. खट् झालं आणि सुई मोडली.

"अडाणी!" अक्कांच्या तोंडून निघून गेलं.

शोभाताई उठून बसली. बाहेर गल्लीत कुणाच्या तरी माहेरवाशिणी झोक्यावर गाणं म्हणत होत्या, तेवढंच ऐकू येत होतं.

"हो, अक्का," मी म्हटलं.

अक्कांनी वाटीतून नवी सुई निवडली, माझा हात पुढे होण्याआधीच माझ्या बोटांत दिली.

"परत ओव," त्या म्हणाल्या. "कडीमाईन."